सड्यावरचा अनोळखी लव्हाळा: नवी जाती ठरवण्याची आणि तिचे वर्णन प्रसिद्ध करण्याची रीत

कास, चाळकेवाडी, सडावाघापूर किंवा चांदोली राष्ट्रीय उद्यानातला झोळंबीचा सडा, यांपैकी कोणत्याही पठारावर ऑगस्टअखेरीस गेले की येणाऱ्यांची नजर तेरड्यावर, गेंदांवर आणि सीतेच्या आसवांवर खिळते. त्याच फुलांच्या मधोमध, जांभ्याच्या फटींत आणि पाणी साचलेल्या खळग्यांत लव्हाळे उभे असतात, परंतु त्यांच्याकडे वाकून पाहणारे फार थोडे. रंगीत पाकळ्या नसल्यामुळे ते सरसकट गवतात जमा होतात. सायपरेसी, म्हणजे लव्हाळ्यांच्या कुलात, जगभरात साडेपाच हजारांच्या आसपास जाती आहेत, आणि आपल्या सड्यांवर अजून नाव न मिळालेला एखादा लव्हाळा सापडणे मुळीच अशक्य नाही. तसा तो सापडल्याची शंका आली तर पुढे काय करावे, हे सातारा-सांगलीकडच्या वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी आणि मनापासून रानात हिंडणाऱ्या हौशी अभ्यासकांसाठी येथे लिहिले आहे. वर्तमानपत्रांत अशा वेळी 'नवी प्रजाती' असे छापतात. परिभाषेप्रमाणे स्पीशीजला जाती आणि जीनसला प्रजाती म्हणतात, आणि या लेखात ते शब्द त्याच अर्थाने वापरले आहेत.

माझ्या मते या कामातला तीन चतुर्थांश वेळ हातातले रोप कोणत्या ना कोणत्या जुन्या नावात बसते का, हे तपासण्यात जायला हवा. सड्यावरच्या रोपांच्या बाबतीत तर हे दुप्पट खरे आहे, आणि त्याचे कारण पायाखालच्या दगडात आहे.

सह्याद्रीचा हा भाग बेसॉल्टचा, म्हणजे काळ्या कातळाचा आहे. साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून १,२०० मीटरच्या आसपास उंचीवर असलेल्या कासच्या पठारावर या काळ्या कातळावर जांभ्याचे कवच आहे. दीर्घकाळच्या पावसाने खडकातली सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम यांसारखी द्रव्ये धुऊन नेली आणि लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे राहिली, तोच हा जांभा. त्यावरची माती कोठे काही मिलिमीटर, तर कोठे वीतभर असते. ती आम्लधर्मी असते, आणि तिच्यातला फॉस्फरस लोहाशी बांधला गेल्यामुळे मुळांच्या हाती फारसा लागत नाही. जून ते सप्टेंबर हीच माती पाण्याने ठिबकत असते आणि नोव्हेंबरात तव्यासारखी तापते. अशा जमिनीवर टिकणाऱ्या वनस्पती वेगळ्या वाटेने विकसित होतात, म्हणून तेथे नव्या जाती मिळण्याची शक्यता खरीच असते. दगडाने जाती घडवल्याची उदाहरणे इतरत्रही आहेत. अमेरिकेत ऑरेगॉन आणि कॅलिफोर्नियात मॅग्नेशियम व निकेल जास्त आणि कॅल्शियम कमी असलेल्या सर्पेंटाइन खडकाच्या जमिनीवर वाढणाऱ्या एका लव्हाळ्याचे नावच केरेक्स सर्पेंटिकोला असे आहे. मात्र तीच उपाशी माती अगदी साध्या, सर्वत्र आढळणाऱ्या जातीलाही खुजी करते, तिची पाने अरुंद करते आणि दहा कणिशकांच्या (तुऱ्यातल्या फुलांच्या बारीक कणसांच्या) जागी एकच कणिशक येऊ देते. ते खुजे रूप पाहून अनुभवी माणूसही फसतो.

मीही फसलो आहे. चाळकेवाडीच्या बाजूला एका उथळ खळग्यात बोटभर उंचीचा, एकाच कणिशकाचा फिंब्रिस्टायलिस (लव्हाळ्यांची एक प्रजाती) मला मिळाला आणि उपलब्ध पुस्तकांतल्या कोणत्याच वर्णनात तो बसेना. नवी जाती मिळाली असे धरून मी टिपणे काढायला सुरुवात केली. सुदैवाने त्याच खळग्यातली थोडी पिकलेली फळे कागदाच्या पुडीत राहिली होती. ती पुढच्या मृगात कुंडीत, बागेच्या काळ्या मातीत पेरली. सप्टेंबरात त्या कुंडीत गुडघ्याएवढी रोपे उभी राहिली, प्रत्येकावर फांद्या फुटलेला तुरा होता, आणि ती फिंब्रिस्टायलिस डायकोटोमा ही शेतांच्या बांधावर, तळ्यांच्या काठी सगळीकडे आढळणारी जाती निघाली. तेव्हापासून माझा नियम असा आहे की सड्यावरचा लव्हाळा केवळ आकाराने, उंचीने किंवा कणिशकांच्या संख्येने वेगळा वाटत असेल, तर तो एक पावसाळा कुंडीत वाढवून पाहिल्याशिवाय त्याच्याविषयी एक ओळही लिहायची नाही.

आधी प्रजाती, मग जाती

रोप लव्हाळ्याचेच आहे हे बहुधा देठ बोटांत फिरवले की कळते. देठ बहुतेकदा तीनधारी आणि आतून भरीव असतो, पाने तीन रांगांत असतात आणि पानाचा तळ देठाभोवती बंद नळीसारखा असतो. गवताचा देठ गोल, पेऱ्यांचा, पेऱ्यांमध्ये बहुधा पोकळ असतो आणि पानाचे आवरण एका बाजूने उघडे असते. अपवाद दोन्हीकडे आहेत, पण सुरुवातीला एवढे पुरते.

प्रजाती ठरवताना मात्र भिंगाशिवाय चालत नाही. कणिशकातली तुसे, म्हणजे फुले झाकणारे बारीक खवले, दोन समोरासमोरच्या रांगांत असतील तर सायपरसच्या गटाकडे पाहावे. ती सर्पिल असतील तर फिंब्रिस्टायलिस, बल्बोस्टायलिस, एलिओकॅरिस, शोनोप्लेक्टिएला या बाजूला जावे. एलिओकॅरिसला पानाचे पाते नसते, टोकाला एकच कणिशक असते आणि कुक्षीवृंताचा (फुलातल्या स्त्री-भागाच्या दांडीचा, जिच्या टोकाला कुक्षी असते) फुगीर तळ फळावर टोपीसारखा राहतो. बल्बोस्टायलिसमध्येही तो तळ बारीक गाठीसारखा बहुधा राहतो, शिवाय पानाच्या आवरणाच्या तोंडाशी लांब पांढरे केस असतात. फिंब्रिस्टायलिसमध्ये तो तळ कुक्षीवृंताबरोबरच गळून जातो. शोनोप्लेक्टिएलात तुऱ्याखालचा छद (पानासारखा भाग) देठाचेच टोक असल्यासारखा सरळ वर जातो, त्यामुळे तुरा देठाच्या कुशीतून बाजूला फुटल्यासारखा दिसतो. यातल्या काही जातींत रोपाच्या अगदी पायाशी, पानांच्या आवरणात दडलेली वेगळी फुलेही असतात, आणि रोप मुळापासून न काढणाऱ्याला ती कधीच दिसत नाहीत.

नमुने घेताना

कास हे राखीव वन आहे. चांदोली आणि कोयना हे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचे भाग आहेत. वनविभागाची लेखी परवानगी हातात असल्याशिवाय, आणि संरक्षित क्षेत्रात मुख्य वन्यजीव संरक्षकांची परवानगी असल्याशिवाय, एक पातेही तोडू नये. पुढे शोधनिबंधात परवानगीचा क्रमांक द्यावा लागतो आणि तो नसेल तर चांगली नियतकालिके हस्तलिखित परत पाठवतात. परवानगी असली तरी आधी रोपे मोजावीत. वीस रोपांमागे एकापेक्षा जास्त घेऊ नये ही जुनी रीत मला योग्य वाटते. रोपे अगदीच थोडी असतील तर फोटो, मोजमापे आणि एखादा तुरा एवढ्यावर थांबावे आणि त्या पठाराच्या आसपास आणखी ठिकाणे शोधावीत.

लव्हाळ्यासाठी एकाच फेरीत भागत नाही. परागकोशांची संख्या आणि लांबी फुले उमलताना, म्हणजे बहुतेक जुलैअखेर ते ऑगस्टमध्ये पाहावी लागते. फळे पिकतात सप्टेंबर-ऑक्टोबरात. पिकलेले फळ नसलेला नमुना या कुलात जवळपास निरुपयोगी असतो, हे नव्याने काम करणाऱ्यांना कितीही वेळा सांगितले तरी कमीच आहे. ऑगस्टात घेतलेल्या हिरव्या फळांवर विसंबून मी एकदा ओळख निश्चित केली होती आणि पुढच्या वर्षी पिकलेले फळ पाहून ती पूर्ण बदलावी लागली; एक अख्खे वर्ष त्यात गेले.

रोप मुळांसकट आणि मूलक्षोडासकट (जमिनीतल्या आडव्या खोडासकट), खुरप्याने बाजूची माती मोकळी करून उचलावे. ते एकवर्षायू आहे की बहुवर्षायू, हे बुडख्यावरूनच ठरते. मुळांना धरलेली माती तेथेच खळग्यातल्या पाण्यात हलकेच धुवावी. एक-दोन कणिशके ७० टक्के अल्कोहोलच्या कुपीत, आणि पानाचा हिरवा तुकडा सिलिका जेलच्या पुडीत ठेवावा, कारण पुढे डीएनए तपासायचा असेल तर जुन्या शीटपेक्षा, म्हणजे कागदावर चिकटवलेल्या वाळक्या नमुन्यापेक्षा, ताबडतोब सुकवलेले पान बरे. उरलेली रोपे वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबावीत. सड्यावर पावसाळी हवेत कागद दिवसातून दोनदा बदलला नाही, तर दोन दिवसांत बुरशी येते.

चिठ्ठीवर केवळ 'कास पठार' असे लिहू नये. जीपीएसचे आकडे, उंची, तारीख, संकलन क्रमांक तर हवेतच, पण त्याहीपेक्षा जागेचे बारीक वर्णन हवे: जांभा की उघडा काळा कातळ, पाणी साचलेला खळगा की फटीतली माती, मातीची खोली किती, पाणी पायाच्या घोट्याइतके की बोटभर, आणि शेजारी कोणत्या वनस्पती आहेत. एकाच पठारावर हातभर अंतरात या जागा बदलतात, आणि लव्हाळे त्यांपैकी नेमकी एकच निवडतात. खोलीसाठी मी एक पातळ लोखंडी सळी खुणा करून जवळ ठेवतो. ती कातळाला टेकेपर्यंत खुपसली की आकडा मिळतो.

फळ पाहण्याची रीत

आता या सगळ्या कामातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. लव्हाळ्याचे फळ बारीक, कठीण, एका बीचे असते. पाठ्यपुस्तकात त्याला कृत्स्नफळ म्हणतात. पुष्कळ जातींत ते जेमतेम एक मिलिमीटर भरते. पिकलेल्या कणिशकातून तुसे खालून वर एकेक करून सुईने बाजूला करावीत आणि फळ पांढऱ्या कागदावर घ्यावे. वाळलेल्या नमुन्यातून काढायचे असेल तर कणिशक दोन-तीन मिनिटे कोमट पाण्यात ठेवावे, म्हणजे तुसे मऊ होतात आणि फळाचे टोक तुटत नाही. मग सूक्ष्मदर्शकाखाली, प्रकाश एका बाजूने तिरका टाकून, ४० पटींपर्यंत मोठे करून पाहावे. वरून पडलेल्या प्रकाशात गुळगुळीत वाटणारे फळ तिरक्या प्रकाशात एकदम बोलू लागते. फिंब्रिस्टायलिस डायकोटोमात उभ्या कडा आणि त्यांच्यामध्ये आडव्या पेशींच्या पायऱ्या, अशी शिडीसारखी जाळी दिसते. दुसऱ्या जातींत बारीक गाठी असतात, तर काहींत खरोखरच काही नसते.

येथे चार गोष्टी नोंदवाव्यात. पहिली, फळ दुबाजू चपटे आहे की तीनधारी. त्याबरोबर कुक्षी दोन आहेत की तीन हे पाहावे, कारण बहुतेक वेळा या दोन गोष्टी जोडीने जातात. दुसरी, चपटे फळ कणिशकाच्या अक्षाकडे धार करून बसते की पसरट बाजू करून, कारण पायक्रियसचा गट त्या धारेवरूनच वेगळा ओळखला जातो. तिसरी, फळाच्या तळाशी बारीक राठ केस आहेत का, असल्यास किती, आणि त्यांचे दात वर वळलेले की खाली. चौथी, पृष्ठभागावरच्या पेशींचा आकार. ही चौथी खूण बहुतेक वेळा सर्वांत पक्की असते, कारण मातीच्या उपाशीपणाने देठ खुजा होतो, पान अरुंद होते, परंतु फळावरची नक्षी सहसा बदलत नाही. शक्य असेल तर एखाद्या विद्यापीठात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली फळाचे चित्र काढून घ्यावे. नव्या लव्हाळ्याच्या निबंधात आता ते बहुधा असतेच.

मोजमापे एका रोपाची घेऊन थांबू नये. वेगवेगळ्या खळग्यांतली आणि जमल्यास दोन-तीन पठारांवरची किमान २० ते ३० रोपे मोजावीत आणि लहानात लहान व मोठ्यात मोठा आकडा, दोन्ही द्यावेत.

जुन्या नावांची झडती

फळ हाती आल्यावर ग्रंथालयाकडे वळायचे. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात आला, आणि हूकर यांच्या ब्रिटिश भारताच्या वनस्पतिकोशात लव्हाळ्यांचा भाग चार्ल्स बॅरन क्लार्क यांनी लिहिला आहे. त्याआधी १८३४ मध्ये नेस यांनी भारतातल्या लव्हाळ्यांची अनेक वर्णने प्रसिद्ध केली. ही पुस्तके इंटरनेटवर मोफत वाचायला मिळतात. एवढ्यावर थांबणे धोक्याचे आहे, कारण जी नावे नंतर दुसऱ्या जातीत विलीन केली गेली, त्यांतलेच एखादे आपल्या रोपाचे असू शकते. वनस्पतींच्या नामकरणात अग्रक्रम पाळला जातो. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी कोणी आपले रोप वर्णिले असेल तर ते जुने नाव पुन्हा उभे करावे लागते, नवे देता येत नाही. म्हणून त्या प्रजातीतली भारतातली आणि श्रीलंकेतली सर्व नावे, विलीन झालेल्यांसकट, यादी करून एकेकाचा टाइप नमुना पाहावा.

टाइप नमुना म्हणजे ज्या प्रत्यक्ष शीटवर ते नाव कायमचे टांगलेले असते तो नमुना. आपल्या भागातल्या जुन्या नावांचे बरेच टाइप लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानात आहेत आणि त्यांतल्या पुष्कळांची छायाचित्रे संगणकावर पाहता येतात. देशात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पुण्यातले पश्चिम विभागीय केंद्र, हावड्याचे केंद्रीय राष्ट्रीय हर्बेरियम (हर्बेरियम म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह), पुण्याची आघारकर संशोधन संस्था, मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातले ब्लॅटर हर्बेरियम आणि आपल्याला सर्वांत जवळचे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे हर्बेरियम, येथे प्रत्यक्ष जाऊन शीट पाहाव्यात. कोणी वीस-तीस वर्षांपूर्वी हेच रोप गोळा करून 'ओळख पटली नाही' असे लिहून ठेवलेले असते, आणि त्या एका शीटमुळे आपल्या जातीचा प्रसार दुप्पट ठिकाणी ठरतो.

डीएनएची तुलना उपयोगी असते, विशेषतः दोन जाती दिसायला अगदी जवळच्या असतील तेव्हा. नियमाप्रमाणे ती सक्तीची नाही.

नाव आणि वर्णन

वनस्पतींच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता दर काही वर्षांनी सुधारली जाते. २०२४ च्या माद्रिद परिषदेनंतरची आवृत्ती २०२५ मध्ये आली. तिच्यानुसार नवे नाव वैध ठरण्यासाठी नावाबरोबर लॅटिन किंवा इंग्रजीत वर्णन अथवा भेददर्शक टिपण हवे. इंग्रजीची मुभा १ जानेवारी २०१२ पासून आहे, त्याआधी १९३५ पासून लॅटिन सक्तीचे होते. मराठीत कितीही उत्तम लिहिले तरी केवळ त्यावर नाव वैध होत नाही. याशिवाय एक होलोटाइप, म्हणजे नावाचा एकमेव मुख्य टाइप नमुना, नेमून तो कोणत्या एका हर्बेरियममध्ये ठेवला आहे हे स्पष्ट लिहावे लागते. येथे गफलत सहज होते: 'कोल्हापूर व पुणे येथे ठेवला' असे लिहिले तर होलोटाइप कोणता हे ठरत नाही आणि नावच अवैध होते. त्याच संकलनातल्या जादा शीट आयसोटाइप म्हणून इतरत्र द्याव्यात, आणि तसे लिहावे.

भेददर्शक टिपण हा निबंधाचा कणा आहे. 'हा लव्हाळा सुंदर व लहान आहे' असे त्यात चालत नाही. सर्वांत जवळच्या जातीचे नाव घेऊन फरक जोडीने सांगावे लागतात. उदाहरणार्थ, 'अमुक जातीजवळची, परंतु कुक्षी दोनऐवजी तीन, फळ तीनधारी, पृष्ठभागावर आडव्या पेशींऐवजी गोल गाठी'. फरक किमान दोन-तीन असावेत, एकमेकांपासून स्वतंत्र असावेत आणि कुंडीतही टिकलेले असावेत. त्यानंतर सविस्तर वर्णन बुडख्यापासून फळापर्यंत ठरलेल्या क्रमाने लिहावे आणि जवळच्या तीन-चार जातींसह एक ओळखतक्ता जोडावा. रेखाचित्र हाताने काढलेलेच असावे असा माझा आग्रह आहे. फोटोत तुसाची शीर दिसते, पण ती कोठे संपते हे चित्र काढणाऱ्यालाच पाहावे लागते.

नाव निवडताना ठिकाणावरून ठेवणे मला सर्वांत निर्धोक वाटते. आपल्याकडच्या वायतुऱ्याचे नाव अपोनोजेटॉन सॅटारेन्सिस हे त्याचे चांगले उदाहरण आहे. प्रजातीचे लिंग सांभाळावे: सायपरस पुल्लिंगी आहे, तर फिंब्रिस्टायलिस, केरेक्स, एलिओकॅरिस, बल्बोस्टायलिस स्त्रीलिंगी. 'एन्सिस' हा प्रत्यय दोन्हींना तसाच चालतो, पण 'इकस' असेल तर स्त्रीलिंगात 'इका' करावे लागते, म्हणून फिंब्रिस्टायलिस रत्नागिरिका. स्वतःचे नाव देऊ नये, हा संकेत सर्वत्र पाळला जातो. ठरवलेले नाव त्या प्रजातीत आधी कधीच, अगदी आता रद्द झालेल्या जातीसाठीही, वापरले गेलेले नाही हे आयपीएनआयच्या, म्हणजे वनस्पतींच्या नावांच्या आंतरराष्ट्रीय, नामसूचीत पाहून मगच पुढे जावे. सायपरसमध्ये आजवर इतकी नावे दिली गेली आहेत की पहिले सुचलेले नाव बहुधा वापरून झालेले असते.

धोक्याची स्थिती लिहिताना जपून लिहावे. २ किलोमीटर गुणिले २ किलोमीटरच्या चौकोनांत ठिकाणे मोजून वसलेले क्षेत्र काढता येते, परंतु एकाच पठारावर एकदाच पाहिलेल्या जातीला 'अतिसंकटग्रस्त' ठरवण्याची घाई माझ्या मते चुकीची आहे. शेजारची दोन-चार पठारे पालथी घातल्याशिवाय 'माहिती अपुरी' हेच प्रामाणिक उत्तर. पवनचक्क्यांचे रस्ते, जांभ्याच्या खाणी, गाड्यांची वर्दळ, यांपैकी जे प्रत्यक्ष पाहिले तेवढेच लिहावे. अचूक जीपीएस आकडे मात्र सार्वजनिक निबंधात न देता हर्बेरियमच्या चिठ्ठीवर आणि वनविभागाकडे ठेवावेत.

निबंध आयएसएसएन (नियतकालिकांचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) असलेल्या, तज्ज्ञांकडून तपासणी करणाऱ्या नियतकालिकाकडेच पाठवावा; फायटोटॅक्सा, भारतातले ऱ्हीडिया, क्यू बुलेटिन यांत लव्हाळ्यांवरचे काम येत असते. तपासणाऱ्याने फळाचे आणखी फोटो मागितले तर त्रागा न करता पुन्हा कपाटातली पुडी उघडावी.

नाव प्रसिद्ध झाल्यावर एक काम बहुतेकजण विसरतात. जैविक विविधता कायदा, २००२ च्या कलम ३९ प्रमाणे नवी जाती शोधणाऱ्याने ती नियुक्त संग्रहस्थानाला कळवून तिचा नमुना तेथे जमा करायचा असतो. होलोटाइपची शीट, बाजूच्या पाकिटात सुटी फळे आणि लाल कडेच्या फोल्डरवर संकलन क्रमांक नीट लिहून ती हर्बेरियमच्या ताब्यात दिली, पोच घेतली, आणि एक प्रत वनविभागाच्या त्या परिक्षेत्रात पोहोचवली, की हे काम पूर्ण होते.